गव्हावर दळलेला तांदूळ

ईदच्या शिरखुर्म्यातली शेवई.

हिंगाची डबी. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात: मैदा.

सोसायटीतल्या वाढदिवसाला हातात ठेवलेला केक. गुपचूप कुंडीत टाकला. कुंडीच्या मालकिणीने पाहिला.

एका पावाने काय होतंय? (नणंद, शेजारीण, ऑफिसचा शिपाई, दातांचा डॉक्टर.)

१९९६.

तर आफरीन. सव्वीस वर्षांची, वाशीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टायपिस्ट. गहू, मैदा, रवा, सातू, सगळं बंद, आणि तेही जन्मभर. मुंबईच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि ग्लुटेन असा शब्द उच्चारला, गव्हातला चिकट अंश, तो तिच्या आतड्याला सोसत नाही. ती राहायची त्या नेरूळमध्ये तो शब्द कोणी ऐकलेला नव्हता. ग्लुटेन नसलेलं बिस्किट मागितलं तर दुकानदाराने तिला शेजारच्या केमिस्टकडे पाठवलं. केमिस्टने परत दुकानदाराकडे.

घर रायगडकडच्या कोकणी मुसलमानांचं, रोजची रोटी तांदळाची. सासू खदीजाबी म्हणाल्या, मग टेन्शन कसलं, आपल्यात गहू खातो कोण?

म्हणूनच कोणाला कळेना. तीन महिने झाले तरी जेवणानंतर पोट फुगायचं, जुलाब थांबत नव्हते, केस कंगव्यात यायचे. रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाईट आला. डॉक्टर म्हणाले, कुठेतरी खाताय तुम्ही.

तबरेज, तिचा नवरा, पावणे एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप चालवतो. रिक्षात त्याने रिपोर्ट दोनदा वाचला. घरी आल्यावर बोलला. तुझ्या ऑफिसखाली वडापावची गाडी आहे, मला माहितीये. पुढचा रिपोर्ट असाच आला तर म्हसळ्याला जा, तुझ्या आईकडे. तिथे लक्ष तरी ठेवतील.

लक्ष. जशी ती मांजर आणि सगळं जग दुधाचं पातेलं.

वडापावला हात लावला नाही, तिने शपथ घेतली. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी खदीजाबींचा गुडघा आखडला, म्हणून दळण घेऊन आफरीन पहिल्यांदाच गेली. करावे गावाच्या तोंडाशी पोपटची गिरण. तिच्या पुढे एकच डबा होता, तोही तांदळाचा. तो दळून झाला. पोपटने तिचा डबा उचलला, झाकणावरचं नाव वाचलं, बाजूला ठेवला आणि मागच्या बाईचा गहू ओतला.

माझा नंबर होता, ती म्हणाली. पोपट हसला.

"वहिनी, तुमच्या सासूबाईंचं ठरलेलं हाय. गहू निघाला की लगेच त्याच्यावर तांदूळ टाकायचा. आत राहिलेलं गव्हाचं पीठ थोडं मिसळतं, मग रोटी थापताना तडकत नाय. बाकीच्या बायका भांडतात, गव्हावर नको म्हणून. त्या मुद्दाम थांबतात."

गहू संपला. मग तिचा तांदूळ पडला. पिठाची पहिली धार पिवळट होती, मग पांढरी. तिने हात खाली धरला. पीठ गरम होतं.

परतताना तिने वाक्यं जुळवली. चांगली, धारदार वाक्यं. घरी पोचेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. तिने नुसतं विचारलं, पोपट म्हणतो ते खरं का?

खदीजाबींनी डोळ्यांना पदर लावला.

"तुझ्यासाठीच गं सांगायचे. तुला चावायचं त्राण नाही, रोटी मऊ व्हावी म्हणून. आणि तो काय गहू होता? धूळ होती ती."

"अम्मी, त्या धुळीनेच मरतेय मी."

तबरेज बाहेर आला. आधी आईला पाणी दिलं. मग बायकोला म्हणाला, माफी माग. आईला रडवलंस.

तिने थोडी वाट पाहिली. वडापावच्या गाडीबद्दल तो काही बोलेल असं तिला वाटलं. तो रिकामा पेला घेऊन आत गेला.

तिने माफी मागितली. म्हसळ्याचं काय, हेही विचारलं. रिपोर्ट येऊ दे, तो आतून म्हणाला.

नवं पीठ तिने तसंच ठेवलं. तांदूळ मिक्सरमध्ये फिरवला. मोटर तापून जळका वास सुटला. पीठ जाडसर झालं, रोटी तव्यावर तीन ठिकाणी फाटली. खदीजाबींनी बघितलं आणि तबरेजच्या ताटात जुन्या पिठाची रोटी वाढली. आफरीनने ती फाटकी रोटी खाल्ली. घशाला टोचत होती.

खदीजाबींनी पोपटला पहिल्यांदा गव्हावर तांदूळ दळायला सांगितलं, तेव्हा तबरेजचं लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं.