गौरीशंकराला सगरमाथा म्हणणारी दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. नगरकोटच्या टेकडीवर, बतुली तामांगच्या चहाच्या टपरीपुढे तीन पायांवर उभी असते. तुम्ही कधी काठमांडूला आला असाल आणि पशुपती, स्वयंभू उरकून पहाटेच्या गाडीने इथे पोचला असाल, तर तुमचा डोळा माझ्या डोळ्याला लागलाच असेल. माझ्यातून तुम्ही डोंगर पाहिलात. मी उलट बाजूने तुम्हाला पाहिले. माझ्या वाट्याला फारसे काही आले नाही.

माझा जन्म दूरच्या एका बंदरातला. मला जहाजासाठी घडवले होते. ज्याने माझी भिंगे घासली तो म्हातारा कारागीर एकेका भिंगाला आठवडा लावी, आणि घासताना कुणाशी बोलत नसे. काम झाले की मऊ कापडाने श्वास रोखून पुसत असे, वाफ बसू नये म्हणून. पुढे इतकी माणसे भेटली, पण माझ्यापुढे श्वास रोखावा असे कुणाला वाटले नाही. लसणाचा, तंबाखूचा, रात्रीच्या दारूचा, सगळे वास मी घेतले.

मी समुद्र पाहायची, पण माझी झळाळी कलकत्त्याच्या बाजारात एका राणा जनरलच्या नजरेत भरली, आणि हमालाच्या पाठीवरून मी अशा देशात आले जिथे समुद्र औषधालाही नाही. जनरलसाहेबांच्या दरबाराच्या, म्हणजे वाड्याच्या, गच्चीवर मी चाळीस वर्षे होते. तिथून सारा हिमालय दिसे. साहेबांनी तो एकदाही पाहिला नाही. ते शेजारच्या सख्ख्या भावाच्या अंगणात कुणाची मोटार आली आणि किती वेळ थांबली, ते पाहत. त्यांच्या मुलाने तेच पाहिले. नातवाला पाहण्यासारखे काही उरले नव्हते, कारण तोवर दोन्ही दरबार विकले गेले होते. त्याने मला बागेतल्या माळ्याला देऊन टाकले.

तो माळी म्हणजे जितमान तामांग, बतुलीचा नवरा. त्याने मला पोत्यात गुंडाळून गावी आणले आणि टपरीपुढे उभे केले. पहिली दोन वर्षे तो खरा सगरमाथा, म्हणजे तुमचा एव्हरेस्ट, दाखवत असे. इथून सगरमाथा कसा दिसतो ते सांगते. पूर्वेला डोंगरांच्या रांगा एकामागे एक उभ्या आहेत, त्यांतल्या सर्वांत मागच्या रांगेच्या वर एक पांढरे टिंब असते. तेच. जगात सर्वांत उंच आहे, पण फार लांब आहे. एवढे कळायला काही फार अक्कल लागत नाही. पण शहरातून आलेल्या माणसांना ती घरी विसरून यायची सवय असते.

"हे? हे तर भिंगावरची घाण वाटतेय!"

"दादा, आम्हाला काय खेड्यातले समजलात?"

एका नव्या नवरदेवाला बायकोसमोर इतका अपमान वाटला की त्याने मला लाथ मारून पाडले. तेव्हापासून माझे तिन्ही पाय सिमेंटमध्ये बसवलेले आहेत.

त्याच आठवड्यात जितमानने मला चार बोटे डावीकडे वळवले. तिथे गौरीशंकर आहे. जवळचा, भव्य, दोन शिखरांचा, सकाळच्या उन्हात सोन्यासारखा. जितमान म्हणाला, "हा बघा सगरमाथा." आणि लोकांनी पाहिला. काय तो आनंद! एकाने हात जोडले, एकीने डोळे पुसले, एका मास्तरांनी तर बरोबरच्या वर्गाला उंची पाठ म्हणायला लावली. डोळ्यांसमोर दोन शिखरे असताना सगरमाथ्याला एकच शिखर आहे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. पुष्कळ जण तर स्वतःच्याच पापण्यांचे केस पाहून "अहाहा" म्हणत. मी मनात म्हणे, तुमची लायकी ह्याहून अधिक नाही.

जितमान वारला, तरी बतुलीने तेच चालू ठेवले. पावसाने माझ्या मानेचा खिळा गंजला आणि मी गौरीशंकराकडे तोंड करून घट्ट बसले. जितमानने वळवल्यापासून धरून बारा वर्षे.

आमच्या नेहमीच्या पाहुण्यांत लोकनाथ खरदार होते. कचेरीतून निवृत्त झालेले, गळ्यात मफलर, हातात काठी. काठमांडूला त्यांच्याकडे कुणी पाहुणा आला की त्याला ठरलेली वारी घडे आणि शेवटी तो नगरकोटला माझ्यापुढे उभा केला जाई. खरदार मग काठीने सगळी शिखरे दाखवत, बहुतेक चुकीची. बतुली त्यांना चहा आधी देई, म्हणजे तेवढा वेळ तरी तोंड बंद राही.

मागच्या तिहारनंतरची, म्हणजे दिवाळीनंतरची, सकाळ. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. खरदार दोन व्याह्यांना घेऊन आले होते, मागे अजून पंधरावीस माणसे. त्या रांगेत एक म्हातारी होती, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, आणि तिचा हात धरून तिची सून. सुनेचे नाव मैना, म्हातारीचे पानमाया थामी. पानमाया कुणाशी बोलत नव्हती. तिची पाळी आली तेव्हा बतुलीने सवयीने सांगितले, "या आमा, डोळा बारीक करा. तो समोर सगरमाथा."

पानमायाने चष्मा काढला. डोळा लावला. परत काढला, शालीने पुसला, परत लावला.

"हे तर आमचं गौरीशंकर."

"नाही आमा, सगरमाथाच."

"अगं बाई, लग्न होऊन दोलखाला आले तेव्हापासून ह्याच्या पायथ्याशी गवत कापलंय मी. ही दोन शिंगं, हा मधला खळगा. डोळे गेले होते तरी अंगणात उभी राहून नुसत्या उजेडावरनं हा कुठं आहे ते सांगायचे. आणि तू मला सांगतेस?"

खरदारांनी काठी आपटली. "आमा, नवीन डोळे आहेत, सवय नाही झालेली अजून. हा सगरमाथा आहे. मी सहा वेळा बघितलाय."

"सहा वेळा बघून ओळखला नाहीत?" पानमाया म्हणाली. "मग सातव्यांदा कशाला आलात?"

एक व्याही हसला. खरदारांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने हसणे चहात बुडवले.

मैना पुढे झाली. हळू बोलत होती, पण माझ्याजवळ उभी होती म्हणून मला सगळे ऐकू आले. "दिदी, उद्या सकाळच्या गाडीनं आमा गावी जाणार. परत काही एवढ्या लांब यायच्या नाहीत. माझा नवरा साहेबलोकांसाठी सगरमाथ्यावर दोर बांधायला गेला होता. पाच वर्षं झाली. तिथंच राहिला, खाली आणता आला नाही. परवा डॉक्टरांनी पट्टी काढली आणि विचारलं, आजी, आता काय काय बघणार? ह्या म्हणाल्या, टेकबहादुर आहे ती जागा. पशुपतीला पण आल्या नाहीत, म्हणाल्या आधी ते. म्हणून आणलं."

बतुलीने रांगेकडे पाहिले. इतक्या माणसांसमोर खरे बोलायचे म्हणजे काय, ते तिला कळत होते. उद्यापासून टपरीपुढे कुणी थांबणार नाही, आणि थांबले तर शिव्या द्यायला. दुसरी अडचण ढगांची होती. इंद्रावतीच्या खोऱ्यातून ते चढायला लागले होते, आणि एकदा वर आले की दिवसभर समोर नुसता कापूस. हाताशी तासभर होता, फार तर.

खरे सांगते मित्रांनो, मला वाटले ती खोटेच बोलणार. मी माणसे ओळखते असा माझा समज होता.

"चुकलं आमा," बतुली म्हणाली. "हे गौरीशंकरच. सगरमाथा इकडे, उजवीकडे. चार बोटं."

रांगेत कल्लोळ उठला. "फसवणूक!" "आमच्या भाच्याने तर फोटो मोठा करून लावलाय!" खरदारांचा चेहरा माझ्या पितळेपेक्षा पिवळा झाला. "म्हणजे माझ्या बैठकीत भिंतीवर काय आहे?"

"आमचा डोंगर," पानमाया म्हणाली. "पुसत जा त्याला."

बतुलीने मला उजवीकडे ढकलले. मी हलले नाही. तिने खिळ्यावर मोहरीचे तेल ओतले, मग वरवंट्याने ठोकले. एकेका ठोक्याला ती मेलेल्या नवऱ्याला बोलत होती. "स्वतः गेला सुटून. आणि माझ्या गळ्यात हे खोटं ठोकून गेला. बारा वर्षं मी हेच दळतेय." मैनाने जोर लावला. मागची माणसे बघत उभी राहिली. बघत उभे राहण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. ढग पहिल्या रांगेपर्यंत आले.

शेवटी खरदार मफलर सोडून पुढे आले. "सरका. मी लावतो जोर. माझं सहा वेळांचं बघणं वाया गेलंय, सातवं तरी खरं होऊ दे."

"काठी ठेवा आधी," बतुली म्हणाली, "नाहीतर डोळा फोडाल."

माझी मान किंचाळली. चार बोटे. बारा वर्षांनी माझ्यासमोर दुसरे काही आले, आणि ते काय आहे हे मला लगेच कळले, कारण खरे पाहिलेले मी कधी विसरत नाही. बतुलीने भिंग जुळवले. "आमा, काळे सुळे दिसतात ना, त्यांच्या मागे बघा. पांढरं टोक. त्यातून वाऱ्यानं बर्फाची शेपटी निघालीय, तेच."

पानमायाने डोळा लावला. मला तिच्या डोळ्यात टाक्यांची बारीक रेघ दिसत होती. ती बराच वेळ शोधत होती. मग डोळा थांबला.

"एवढासा?"

"आमच्या गौरीशंकराच्या ढोपराला यायचा नाही हा. ह्याच्यावर चढायला आले ते लोक? आणि ह्याच्यासाठी माझ्या पोराला घेऊन गेले?" ती ओरडली नाही, बाजारात किडका मुळा हातात घेऊन बोलावे तसे बोलली. पण डोळा काढला नाही. ढग दुसऱ्या रांगेवर आले, काळे सुळे बुडाले, टोक उरले, शेपटी उरली. तेही गेले. पांढऱ्या भिंतीकडे ती तरीही बघत राहिली, आणि मागून कुणी "आटपा" म्हटले नाही. खरदारांनी सुद्धा नाही.

मग ती सरळ झाली. माझी काच ओली झाली होती. तिने शालीचे मऊ टोक घेतले, श्वास रोखला, आणि मला पुसले. हळूहळू, कडेपासून मध्यापर्यंत. तसे मला त्या म्हाताऱ्या कारागिरानंतर कुणी पुसले नव्हते.

बतुलीने तिला बसवून उकडलेले बटाटे दिले. पानमायाने एक खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाली. आणि मग, "आमच्या देवाला दुसऱ्याच्या नावानं उभं केलंस तू इतकी वर्षं. गौरी आणि शंकर, दोघं असून. लाज नाही वाटली?"

"वाटायची आमा. पण लोकांना मोठं काहीतरी लागतं."

"लोकांना लागू दे. तुझ्या घरी काय आहे ते तू दाखव." आणि मैनाचा हात धरून ती गाडीकडे चालू लागली. पायऱ्यांवर तिने सुनेचा हात सोडला. आता तिला पायऱ्या दिसत होत्या.

त्या दिवसापासून बतुली दोन्ही दाखवते, ज्याच्या त्याच्या नावाने. आधी गौरीशंकर, मग मला उजवीकडे वळवून ते टिंब. माझी मान आता तेलावर असते. रांग निम्मी झाली आहे. बहुतेकांना टिंब आवडत नाही आणि गौरीशंकराचे नाव त्यांनी ऐकलेले नसते, म्हणून तोही आवडत नाही. खरदार अजून येतात. ते आता पाहुण्यांना सांगतात की ही चूक पहिल्यांदा त्यांच्याच ध्यानात आली होती.

मी जन्मभर तुम्हाला हसत आले. पण मला जिथे वळवले तिथे मी वळले आणि तिथेच गंजून बसले. भिंग स्वच्छ असूनही बारा वर्षे खोटे दाखवले आणि वर तुम्हालाच मूर्ख म्हटले. तुमच्यात एक खोट आहे, तुम्ही बघत नाही. माझ्यात ती होतीच, शिवाय गर्व होता.

म्हणून एवढेच मागणे आहे, मित्रांनो. माझ्यासारखी जुनी वस्तू कुठे दिसली तर तिला लाथ मारू नका, तिच्यावर नाव कोरू नका, तिची काच बोटाने पुसू नका. मऊ कापड घ्या आणि घटकाभर श्वास रोखा. जो डोंगर दिसेल त्याचे नाव त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला विचारा, मफलरवाल्याला नको. आणि मागच्या रांगेतले ते पांढरे टिंब डोळ्यासमोर आले तर खुशाल लहान म्हणा, लहानच दिसते ते. पण म्हणताना आवाज जरा खाली ठेवा. रांगेत तुमच्या मागे कोण उभे आहे, ते मला दिसते, तुम्हाला दिसत नाही.