लोकरीला विटाळ नसतो

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो. शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत शरणम्मा मला जात्याखाली पसरते आणि दळण झाले की माझ्यावर सांडलेले पीठ हाताने गोळा करते. माझी कुणी विचारपूस करत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण एका गोष्टीने माझ्या मनाला घरे पडली आहेत. ती सांगितल्याशिवाय मला विरून जायचे नाही.

माझा जन्म माढ्याच्या बाजूला झाला. गोजाबाई धनगरणीच्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली आणि मेंढरांमागे चालता चालता तिनेच ती टकळीवर कातली. गावातल्या सनगराने मला विणले, अंगाला चिंचोक्यांची खळ चोपडली आणि उन्हात वाळत टाकले. खळीने मी इतकी ताठ झाले की कोपऱ्यात उभी केली तर उभी राहत असे. माझ्या अंगाला मेंढरांचा वास होता. त्या वासाला नाके मुरडणारी पुष्कळ माणसे मी पुढे शहरात पाहिली, आणि थंडी पडली की तीच माणसे मला हात लावून बघत, हेही पाहिले.

गोजाबाईचा नवरा गेला. मेंढरे रोगाने मेली. मुलगा बिरदेव उरलेली चार मेंढरे घेऊन कानडी मुलखात गेला तो तिकडचाच झाला. महायुद्ध संपून तीनेक वर्षे झाली होती, तेव्हा गोजाबाई मला खांद्यावर टाकून सोलापुरात आली. वेणीमाधव म्हणून कोर्टात कारकून होते, त्यांच्या घरामागे एक खोली होती. तिथे ती राहू लागली आणि चार घरची दळणकांडणे करू लागली. वय साठीच्या पुढचे, पण हातात जोर होता. बायकांचे दुखरे गुडघे आणि पाठी चोळून देण्यात तिचा हातखंडा होता.

वेणीमाधवांच्या घरात त्यांची चुलती रुक्मिणीकाकू होती. अठराव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन केलेली, लाल आलवणातली बाई. घरातला सगळा सोवळ्यातला स्वयंपाक चाळीस वर्षे तिने केला. तिची पाठ दुखे, पण घरात सांगायचे कुणाला? वेणीमाधवांची बायको पद्मजा वाईट नव्हती. तिला चार लेकरांतून उसंत नव्हती, एवढेच. आणि गल्लीच्या टोकाला अक्कम्मा राहायची. ती तेलुगू विणकराची विधवा. मुलाच्या मागासाठी दिवसभर सुताच्या कांड्या भरी, आणि भरता भरता बोले.

आता या तिघी एका जागी बसायच्या कशा? काकूंना गोजाबाईचा स्पर्श चालत नव्हता. गोजाबाईच्या गोधडीचा कोपरा लागला तरी काकूंना अंघोळ. पण लोकरीला विटाळ नसतो. लोकरीची धाबळी सोवळ्यात नेसलेली चालते, मग घोंगडी का नाही? हा शोध काकूंनीच लावला. एके दिवशी दुपारी गोजाबाई मला अंगणात पसरून बसली होती. काकू ओट्यावरून उतरल्या आणि माझ्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या.

पद्मजा दारातून म्हणाली, "अहो काकू, विटाळ होईल ना."

"लोकर आहे ती," काकू म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना जाऊन विचार वर."

सासरे वारून दहा वर्षे झाली होती. पद्मजा आत निघून गेली.

तेव्हापासून रोज दुपारी मी अंगणात पडे. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला गोजाबाई, आणि मधे टोपली घेऊन अक्कम्मा. गोजाबाई अक्कम्माचे गुडघे तेलाने चोळी. काकूंची पाठ मात्र तिने कधी उघडी पाहिली नाही. काकू पालथ्या पडत, गोजाबाई मला त्यांच्या पाठीवर घाली आणि माझ्यावरून दाबी. मी मधे असले की शिवणे होत नसे. काकू डोळे मिटून म्हणत, "अगं हळू, मी म्हणजे तुझी मेंढी नव्हे." गोजाबाई म्हणे, "मेंढी बरी वो काकू. ती एवढी कुरकुरत न्हाय." आणि तिघी हसत. मला त्या हसण्याचा फार अभिमान वाटे.

तिघींचा एक नियम होता. जी आजारी पडेल तिच्याकडे मी जायचे. अक्कम्माला खोकला झाला की मी तिच्याकडे. काकूंना दर हिवाळ्यात हिवताप येई, दात वाजायला लागत, तेव्हा मी त्यांच्याकडे. उरलेल्या दोघी काढा, पेज, शेक, सगळे करायच्या. घरच्या माणसांना कळायच्या आधी त्यांना एकमेकींचे कळे. मी एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जात राहिले. मला कुणी कधी धुतले नाही. विटाळच होत नाही, तर धुवायचे कशाला?

असे दोन-तीन हिवाळे गेले. मग पेठेत उंदीर पडायला लागले.

ज्यांनी प्लेग पाहिला नाही त्यांना हे कळायचे नाही. उंदीर पडला म्हणजे घर सोडायचे. चार दिवसांत सगळी गल्ली माळावर झोपड्या घालून राहायला गेली. वेणीमाधवांचे बिऱ्हाड गेले. अक्कम्माचा मुलगा बायकापोरांना घेऊन गेला. घरे राखायला म्हाताऱ्या मागे राहिल्या. तशी रीतच होती, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. म्हाताऱ्यांनाही नाही.

गिरणीचा भोंगा तेवढा वेळेवर वाजे. बाकी गल्ली ओस. तिघी एकाच ठिकाणी स्वयंपाक करत, फक्त, काकूंची चूल तीन हात पलीकडे.

पहिली अक्कम्मा पडली. अंग तव्यासारखे तापले आणि काखेत गाठ आली. गोजाबाईने मला उचलले आणि तिच्यावर घातले. गोजाबाईला भीती नव्हती. गावाकडे तिला एकदा गाठ येऊन फुटली होती आणि ती वाचली होती. तिने अक्कम्माला मांडीवर घेतले, चमच्याने पाणी पाजले. काकू दाराबाहेर बसून जप करत होत्या आणि पेज करून देत होत्या. चौथ्या दिवशी अक्कम्मा तेलुगूत काहीतरी खूप बोलली. आम्हाला कुणालाच ते समजले नाही. दुपारी ती गेली.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीचा माणूस आला. सिद्धनाथ त्याचे नाव. घरोघर औषध शिंपडून त्याचा आवाज बसला होता.

"आजी, सगळं अंथरूण-पांघरूण तीन दिवस उन्हात टाका," तो म्हणाला. "उंदीर मेला की त्याच्या पिसवा कपड्यात शिरत्यात. त्या चावल्या की गाठ येती. गोधडी, कांबळं, घोंगडी, काय ठेवू नका आत."

गोजाबाईने अक्कम्माच्या गोधड्या दोरीवर टाकल्या. आपली टाकली. काकूंचे अंथरूण काकूंनी स्वतः टाकले. मग गोजाबाईने मला उचलले आणि ती थांबली.

"काकू, हिला बी टाकू व्हय?"

काकू म्हणाल्या, "त्याला काय कळतंय? लोकर कधी विटाळत नाही. त्या गोधड्यांना लावून कशाला टाकायची?"

मित्रांनो, गोजाबाई काही खुळी नव्हती. सिद्धनाथाचे म्हणणे तिला पटले होते. मेंढरांच्या गोचिड्या तिने जन्मभर वेचल्या होत्या, लोकरीत काय काय लपते हे तिला काकूंपेक्षा जास्त माहीत होते. पण मला त्या ओळीत टाकले असते, तर घोंगडीलाही विटाळ होतो असे कबूल केल्यासारखे झाले असते. मग काकू उद्या माझ्यावर कशा बसणार? अक्कम्मा गेली होती. आता दोघीच उरल्या होत्या, आणि दोघींच्या मधे मी. गोजाबाईने मला दोनदा झटकले, घडी घातली आणि आत नेऊन ठेवले.

माझ्या विणीत त्या वेळी काय होते हे मला ठाऊक होते. मला वाचा नव्हती. हे मी किती वेळा म्हटले आहे स्वतःशी! त्याने मनाला स्वस्थता येत नाही.

आठ दिवसांनी काकूंना हुडहुडी भरली. तो त्यांचा नेहमीचा हिवताप होता. एक दिवस येई, एक दिवस जाई, कोयनेलच्या कडू पुडीने उतरे. त्याने त्या मरणार नव्हत्या. गोजाबाई धावत आली आणि तिने मला काकूंच्या अंगावर घातले. कडा पायाखाली नीट दाबल्या.

"आता ऊब येईल बगा."

"तुझी घोंगडी म्हणजे ना," काकू म्हणाल्या, "आईसारखी आहे."

चौथ्या दिवशी काकूंच्या जांघेत गाठ आली.

गोजाबाईने गाठ पाहिली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझा कोपरा उलटा करून तिने विणीतून बोट फिरवले, आणि बोटाकडे पाहिले. मला ओढून काढून तिने दाराबाहेर फेकले आणि स्वतःचे दुसरे लुगडे काकूंवर पांघरले. पण दार उघडेच होते, आणि मला सगळे दिसत होते.

"काकू, मी माळावर जाऊन येनीमाधवान्ना सांगून येते."

"नको. लेकरं आहेत त्यांच्यात." काकूंना धाप लागली होती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गोजा, माझा हात धर."

गोजाबाई लुगड्याचा पदर हातावर घेऊ लागली.

"मधे काही नको," काकू म्हणाल्या.

तिने हात धरला. चाळीस वर्षे सोवळ्यात राबलेला तो हात कुणी असा धरला नव्हता. गोजाबाई म्हणाली, "काकू, मी घोंगडी उनात टाकली न्हाय. मला कळत हुतं की." काकूंनी ते ऐकले की नाही, मला सांगता येत नाही. गोजाबाईलाही कधी कळले नाही. दिवस मावळायच्या आत काकू गेल्या, आणि त्यांचा हात सोडवून घ्यायला गोजाबाईला बराच वेळ लागला.

वेणीमाधव आले, सगळे यथासांग झाले. पद्मजा ओट्यावर बसून रडली. ती म्हणाली, "गोजाबाई, तुम्ही होतात म्हणून शेवटी कुणीतरी जवळ होतं." त्या शब्दांनी गोजाबाईला बरे वाटायला हवे होते. ती मान खाली घालून उठली, अक्कम्माच्या परसात गेली, सूत रंगवायच्या हंड्याखाली तिने जाळ केला आणि मला उकळत्या पाण्यात घातले. काठीने दाबत राहिली. लोकर अशी उकळली की आटते, हे धनगरणीला सांगायला नको. मी आटले. निम्मी झाले, जाड, खरबरीत, कुणाच्याही अंगावर न पुरणारी. आता माझ्यात एक पिसू नव्हती, आणि मी कुणाच्याही कामाची उरले नव्हते.

गल्ली पुन्हा भरली. अक्कम्माच्या घराशेजारी अक्कलकोटकडची शरणम्मा राहायला आली. तीही एकटी, पन्नाशीची. ती अंगणात येऊन बसे आणि गोजाबाईची वाट पाही. गोजाबाई दार लावून घेई. कुणी गुडघे चोळायला बोलावले तर म्हणे, "माज्या हाताला गुन न्हाय आता." कुणाचे पांघरूण घेईना, कुणाला आपले देईना. पेठेतल्या बायका म्हणू लागल्या की म्हातारी माणूसघाणी झाली. मी कोपऱ्यात पडून ऐकत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला ताप आला. गाठबीठ काही नव्हते. उंदीर पडले नव्हते. सर्दीने छाती भरली होती, एवढेच. शेक, काढा आणि पाठीवर कुणाचा तरी तेलाचा हात, एवढ्याने ते उतरले असते. शरणम्मा पेजेची वाटी घेऊन आली, काखेत तिचे स्वतःचे कांबळे होते.

"आत येऊ नगंस," गोजाबाई आतून म्हणाली. "तितंच ठेव."

"अवो आजी, नुसता सर्दीचा ताप हाय की. कांबळं तरी घ्या. कालच धुऊन उनात टाकलंय."

"तुज्या पाया पडते. माज्यातलं काय तुज्यात जायला नगं. तितंच ठेव आन् जा."

शरणम्मा भली बाई. वडीलधाऱ्या माणसाचे ऐकावे असे तिला घरी शिकवलेले. तिने वाटी उंबऱ्याबाहेर ठेवली, कांबळे तिच्याशेजारी ठेवले, थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. असे तीन दिवस चालले. गोजाबाईने मला ओढून छातीवर घेतले होते. मी तेवढीच पुरत होते. तिचे पाय उघडे होते आणि दोन पावलांवर कांबळे पडून होते.

तिसऱ्या दिवशी गोजाबाई गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, तर त्याचे पांघरूण उन्हात टाका. लोकरीचे असो, रेशमाचे असो, ते विटाळत नाही असे कुणीही सांगो, तीन दिवस उन्हात टाका. मग ते घेऊन आत जा. ते म्हातारे माणूस नको म्हणेल, पाया पडेल, शपथा घालील. उंबऱ्यावर थांबू नका. शरणम्मा थांबली होती, आणि तीन वाट्या पेज दाराबाहेर गार झाली.