रविवारचा सवाल

माझी धाकटी बहीण त्रिशला बेळगावच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शिकवते ते शिकवते, वर पदरमोड करून ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचा प्रचार करते. दीडशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या काही माणसांनी मांडलेला विचार निपाणीतल्या पोरांच्या डोक्यात उतरवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दर रविवारी सकाळच्या बसनं ती इथं उतरते, एका शाळेच्या भाड्याच्या खोलीत कॉलेजच्या पोरापोरींचा वर्ग घेते आणि संध्याकाळच्या बसनं परत जाते. दोन गल्ल्या पलीकडं तिचं माहेर आहे. तिथं मात्र पाऊल टाकत नाही.

कारण वखार. आमच्या आजोबांची तंबाखूची वखार, बंद पडून जमाना झाला. मी आता पेंड आणि सरकी विकतो. त्रिशलाला ती वखार वर्गासाठी आणि पुस्तकालयासाठी हवी होती. मला ती चिकोडीच्या एका व्यापाऱ्याला लग्नाचा हॉल करायला द्यायची होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील अण्णाप्पा मगदूम, दोघांनाही ‘न्हाय’ म्हणायचे. का, असं विचारलं की उठून आत जायचे. वखारीची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची, आंघोळीलासुद्धा सुटायची नाही.

पहिल्या वर्षी त्रिशला दर रविवारी घरी येऊन वखार मागायची. दोघांची जुंपायची आणि मधे मी चहा घेऊन उभा. मग एके दिवशी ती म्हणाली, “ठेवा कवटाळून ती वखार.” त्यानंतर तिनं यायचंच सोडलं. दोन वर्षं झाली त्याला. तिच्या पुस्तकांचे खोके माझ्या दुकानात पेंडीच्या पोत्यांमागं पडले होते आणि आमच्या उंदरांचा ऑस्ट्रियाचा अभ्यास पोरांपेक्षा पुढं गेला होता.

त्यात यंदा शाळेनं सांगितलं, महिनाअखेर खोली रिकामी करा. दुसरी जागा मिळाली नाही तर वर्ग बंद. त्रिशलानं काय करावं? जाहीर मेळावाच ठरवला. समाजाच्या हॉलमध्ये व्याख्यान, पोरांच्या निबंधांना बक्षिसं आणि सगळ्या गावाला आमंत्रण. चार माणसांनी वर्ग बघितला तर कुणीतरी जागा देईल, असा तिचा हिशेब. फलक माझ्या माथी, खुर्च्या माझ्या माथी. वर कन्नड, खाली मराठी, असा फलक करून आणला तर मला म्हणते कशी, “अण्णा, ‘मूल्य’ची वेलांटी कुठंय?” मूल्याला वेलांटी नसते, हे मी तिला दाखवल्यावर हसली. थट्टा करायची जुनी खोड.

मेळाव्याला हॉल भरला, हा पहिला धक्का. अर्थशास्त्र ऐकायला रविवारी माणसं घरातनं बाहेर पडतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दुसरा धक्का त्याहून मोठा. व्याख्यान सुरू व्हायच्या जरा आधी पांढरी टोपी, इस्त्रीचा कोट घातलेले आप्पा आत आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. मी मागं माइकची वायर धरून उभा होतो, ती हातातनं सुटली. त्रिशलानं त्यांना बघितलं. तिचा चेहरा क्षणभर उतरला, मग ती सरळ पोरांकडं वळली आणि बोलायला लागली.

बोलते छान, हे कबूल करायला पाहिजे. वस्तूची किंमत वस्तूत नसते, माणसाच्या गरजेत असते, हे तिला दाखवायचं होतं. त्यासाठी तिनं स्टेजवर कुणाला बोलवावं? मलाच. उन्हात खुर्च्या वाहून माझा घसा कोरडा पडला होता. तिनं गाळलेल्या पाण्याचा पेला पुढं केला, मी घटाघटा प्यालो. दुसरा दिला, तोही प्यालो. तिसरा निम्मा ठेवला. चौथा पुढं केल्यावर मी तोंड फिरवलं आणि पोरं हसली.

“पाणी तेच,” त्रिशला म्हणाली. “पहिल्या पेल्यासाठी अण्णानं काहीही दिलं असतं. चौथा फुकट देतेय, तरी नको. जे भरपूर मिळतं, त्याच्या पुढच्या पेल्याची आपल्याला किंमत वाटत नाही.”

मला जोकर केल्याबद्दल मी तिच्याकडं डोळे वटारून खाली उतरलो.

मग तिनं खेळ काढला. आम्हा जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, पूजेला सवाल बोलतात. पहिला अभिषेक कुणी करायचा, इंद्र-इंद्राणीचा मान कुणाचा, याची सगळ्यांसमोर बोली लागते. ज्याची बोली सर्वांत वर, तीन वार म्हटलं की मान त्याचा. एकदा बोललेला सवाल मागं घेतला, असं मी जन्मात पाहिलेलं नाही. माणूस घर गहाण टाकेल, पण शब्द फिरवणार नाही.

“आज आपण सवाल बोलायचा,” त्रिशला म्हणाली. “पैसे न्हाईत. ज्याला वस्तू पायजे त्यानं सांगायचं, तिच्यासाठी मी काय सोडीन. आणि बघा हं, नियम बस्तीचाच. बोललेला शब्द मागं घ्यायचा न्हाय.”

पोरांनी खेळ गंभीरपणे घ्यावा म्हणून तिनं हे वाक्य टाकलं. टाकलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं.

आधी बेळगावच्या बसमधल्या खिडकीच्या जागेचा सवाल झाला. ती जागा एका पोरानं आठवडाभराच्या डब्याच्या बदल्यात घेतली. हॉलमध्ये मस्त हशा चालला होता. तेवढ्यात वर्गातली सगळ्यांत आगाऊ पोरगी, प्रियदर्शनी, उठली.

“मॅडम, तुमचे रविवार लावा की सवालाला! सगळे रविवार!”

“लावले,” त्रिशला हसत म्हणाली. “बोला, माझ्या रविवारांसाठी कोण काय सोडतंय?”

एक पोरगा म्हणाला, महिनाभर मोबाइल सोडतो. प्रियदर्शनी म्हणाली, क्रिकेट बघायचं सोडते. दुसरी म्हणाली, सगळ्या वर्गाच्या नोट्स मी लिहिते. त्रिशला टाळ्या पिटून प्रत्येक बोली वर चढवत होती.

“वखार,” पहिल्या रांगेतनं आवाज आला.

आप्पा उभे होते. मागची पोरं हसली, त्यांना वाटलं आजोबा गंमत करतायत. पण पुढं बसलेले आमच्या समाजातले म्हातारे हसले नाहीत. आप्पांनी कोटाची बटणं काढली, सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर ओढलं आणि किल्लीची गाठ सोडायला लागले. गाठ जुनी, बोटं म्हातारी. अख्खा हॉल त्या बोटांकडं बघत होता. मी मदतीला पुढं झालो, तर त्यांनी मला हातानंच मागं सारलं. शेवटी गाठ सुटली. त्यांनी किल्ली स्टेजच्या काठावर ठेवली आणि परत उभे राहिले.

चिकोडीचा व्यापारी, लग्नाचा हॉल, मनात मांडलेलं सगळं त्या किल्लीबरोबर गेलं. पण खरं सांगतो, त्या वेळी मला त्याचं दुःखही झालं नाही. तीन वर्षं जी गोष्ट भांडून, रडून, हात जोडून मिळाली नाही, ती हा माणूस पोरांच्या खेळात देऊन मोकळा झाला होता. मला काही कळेनासंच झालं होतं.

“एकवार,” त्रिशला म्हणाली. सवयीनं म्हणाली असावी. मग सावकाश, “दोनवार.”

तिसरा वार तिनं म्हटला नाही.

“आप्पा,” ती हळूच म्हणाली, पण माइक चालू होता, “ह्यो खेळ हाय.”

“मग बस्तीचा नियम कशाला सांगिटलास?”

“तुमाला वखार द्यायची न्हवती न्हवं?”

“न्हवती.” आप्पा चारचौघांत बोलणारे गृहस्थ नव्हेत. बाजारातसुद्धा निम्मं बोलणं मानेनं करायचे. “वखार दिली असती तर तू मागायला कशाला आली असतीस? मागायला तरी येतीया म्हणून धरून ठिवली. तर तू यायचीच थांबलीस.”

दर रविवारच्या त्या भांडणात मी मधे उभा असायचो आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याला भाव वाढायची वाट बघायचीय. मी चिकोडीच्या माणसाला तसं सांगितलंही होतं.

“दर रविवारी बसमधनं उतरून तू आपल्या गल्लीच्या तोंडावरनं जातीस,” आप्पा म्हणाले. “मी कट्ट्यावर असतोय. तुझी पाठ दिसती. लई झालं तर निळी पिशवी दिसती.”

त्रिशलानं दोन्ही हातांनी टेबल धरलं. ती रडत नव्हती. कुणीतरी अचानक थोबाडीत मारावी आणि का मारली ते आपल्याला समजावं, तशी दिसत होती. इतकी वर्षं ती जगाला सांगत होती, प्रत्येक माणसाच्या मनातली किंमत वेगळी असते. आप्पांना तिनं एकदाही विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

“पण पोरं, आप्पा,” ती म्हणाली. “ह्यांचा वर्ग रविवारी असतोय.”

आता सवाल अडला. तीन वार म्हणावं तर वर्गाचा दिवस जातो, न म्हणावं तर भरसभेत बापाचा शब्द खाली पडतो. आप्पा मान खाली घालून उभे होते. इतका एकटा माणूस मी कधी बघितला नाही, आणि तो माझ्याच घरात राहत होता.

“मॅडम,” प्रियदर्शनी मागनं म्हणाली, या वेळी अगदी बारीक आवाजात, “आम्ही शनवारी येतो की. शनवारी कॉलेज अर्धंच असतंय. तुम्हीच सांगता न्हवं, सौदा झाला की दोघांचंबी भलं झालं पायजे.”

“शनवारी चालतंय, मॅडम,” आणखी दोघं-तिघं बोलले.

त्रिशलानं त्या पोरांकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं आणि किल्ली उचलली.

“तीनवार.”

टाळ्या वाजायला बराच वेळ लागला.

वखार झाडायला आम्हाला आठवडा पुरला नाही. तंबाखूच्या जुन्या भुकटीनं ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचा पहिला वर्ग शिंकण्यातच गेला. पण भरला, शनिवारी भरला. आणि रविवारी त्रिशला घरी आली.

आप्पा सकाळपासून कोट घालून कट्ट्यावर. माझी बायको प्रेमला पहाटेपासून पुरणाच्या पोळ्या लाटत होती. बापलेक कट्ट्यावर बसले ते बसलेच. मी चहा नेऊन ठेवला, तो दोघांनी मान वर न करता घेतला. मी नाश्ता नेला, पाणी नेलं, आप्पांची गोळी नेली. गोळी हातावर ठेवताना आप्पा तिला कसल्याशा जुन्या पिकाबद्दल सांगत होते आणि त्यांनी गोळी माझ्याकडं न बघताच तोंडात टाकली.

मला राग आला. लपवून काय करू? दोन वर्षं रविवारी त्या माणसाजवळ मीच होतो. सोमवारीही मी, मंगळवारीही मी. दवाखान्यात मी, बस्तीत मी. माझ्या एका रविवारासाठी कुणी साधा मोबाइलसुद्धा सोडला नव्हता. आणि मला स्टेजवरचं ते पाणी आठवलं. मी आप्पांचा चौथा पेला होतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि कुणाला न सांगता चिकोडीला गेलो. काम काही नव्हतं. तो व्यापारी भेटला, त्यानं दुसरीकडं जागा घेतली होती. स्टँडजवळच्या हॉटेलात बसून मी चहावर चहा प्यायलो. पन्नाशीला आलेला माणूस बापावर रुसून चिकोडीत बसलाय, याची लाजही वाटत होती. तरी उठलो नाही. जेवणाची वेळ झाली, टळली. फोन टेबलावर होता. वाजला नाही. मी स्वतःला म्हटलं, राजकुमार, आता कळलं ना, चल घरी.

उठतोय तोच फोन वाजला. आप्पा. ते स्वतः फोन लावत नाहीत, त्यांना नंबर सापडत नाही.

“कुठं हाईस रं?”

“चिकोडीत. काम हुतं.”

“रविवारचं?”

मागं त्रिशलाचा आवाज येत होता, ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

“अजून कोण जेवलेलं न्हाय,” आप्पा म्हणाले. “तुझी वाट बघतोय. सकाळधरनं घरात कसं तरीच वाटाय लागलंय. तुझा रविवार कुणी सवालात घेतला काय रं? मला न इचारता?”

मी फोन कानाशी तसाच धरून चहाचे पैसे टेबलावर ठेवले. हॉटेलवाला माझ्याकडं बघत होता.

“वखार तर तिला दिली,” आप्पा म्हणाले. “तुझ्यासाठी बोलायला आता माझ्याकडं कायबी राहिलं न्हाय, राजा. तसाच ये.”