हाड की दगड

ताईंच्या लेकीला पाढे येत नव्हते, पण हाड कोणतं आणि दगड कोणता हे ती डोळे मिटून सांगायची. दोष ताईंचाच. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत त्या उत्खननातून आलेले तुकडे साफ करायच्या, जोडायच्या. त्या धंद्यातली एक जुनी खोड अशी, की मातीने माखलेला तुकडा कशाचा हे कळलं नाही तर त्याला जिभेचं टोक लावायचं. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. नियमात हे बसत नाही, नवे लोक नाकं मुरडतात, पण जुनी मंडळी लपूनछपून करतातच. ताईंनी तर त्याचा लेकीसाठी खेळ करून टाकला होता. पोरगी एका जागी टिकायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून भिंगरी आईबरोबर खोलीत आली होती. टेबलावर एका राजपुत्राच्या थडग्यातला ऐवज मांडलेला. ताई ब्रश चालवता चालवता गोष्ट रंगवत होत्या. शहराला वेढा पडलेला, नदीपलीकडे शत्रूचा राजा, त्याच्या बाणांना कसला तरी लेप. नुसता ओरखडा उठला तरी माणूस संध्याकाळ बघायचा नाही.

"मग राजपुत्राला लागला?"

"लागला तर! तटावर छाती काढून उभा होता पठ्ठ्या. गेला बिचारा." ताईंनी हे अगदी चवीने सांगितलं. "पण लेपबिप सगळ्या भाकडकथा हं. हरलेली माणसं सांगतात असं काहीबाही."

भिंग आणायला त्या शेजारच्या खोलीत गेल्या. परतल्या तेव्हा भिंगरी स्टुलावर उभी होती आणि तिच्या हातात एक काळपट, टोकदार तुकडा होता.

"आई, हाड! पक्कं चिकटलं."

"शाब्बास," ताई म्हणाल्या. तो बाणाचा फाळ होता, हाडाचाच. त्यांनी तो जागेवर ठेवला आणि पुन्हा कामाला लागल्या.

तेवढ्यात प्रयोगशाळेतला रसायनवाला धावत आला. हा गृहस्थ स्वतःच्या सावलीवरही शंका घेणारा, म्हणून त्याचं नाव शंकासुर. आज मात्र त्याला कसलीच शंका नव्हती.

"ताई, त्या फाळाला हात लावू नका. तुम्ही खरवडून दिलेला लेप तपासला. बचनागासारखं विष आहे, आणि अजून त्याचा जोर गेलेला नाही. जखमेतून गेलं तर थेट काळजावर जातं."

ताईंनी वळून लेकीकडे पाहिलं. भिंगरीचा दुधाचा दात सकाळीच पडला होता. हिरडी अजून ओली होती.

"आई, ओठाला मुंग्या आल्यात," भिंगरी म्हणाली, आणि तिला त्याची गंमत वाटून ती हसली.

ताईंनी तिला उचललं. तोंड धुवायला लावलं, गाडीत घातलं, आणि शंकासुराला सोबत घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरने "कसलं विष?" विचारलं तेव्हा त्या "बाणाचं" म्हणाल्या, आणि त्याने आधी त्यांच्याकडेच निरखून पाहिलं. मग शंकासुराने सगळं समजावलं. डॉक्टरचा चेहरा उतरला.

"यावर उतारा नाही. हृदयाची लय सांभाळत राहायचं. तिला बोलती ठेवा."

छातीला तारा लावलेली भिंगरी पलंगावर एवढीशी दिसत होती. यंत्रावरची रेघ धावायची, अडखळायची, पुन्हा धावायची. ती अडखळली की ताईंचाही श्वास थांबायचा.

"गोष्ट सांग," भिंगरी जड जिभेने म्हणाली.

ताईंना लढाया तोंडपाठ. पण ज्या आठवल्या त्या प्रत्येकीत शेवटी कुणीतरी मरत होतं. "एक राजपुत्र होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "तटावर उभा होता. बाण आला, पण चुकला." संग्रहालयाच्या पाटीवरचं एक साल चुकलं तरी भांडायला उठणारी ही बाई!

"खोटं. तू म्हणालीस तो मेला."

"चुकून म्हणाले गं. तो घरी गेला. जेवला, झोपला."

"मग थडग्यात कोण होतं?"

रेघ वेडीवाकडी झाली. डॉक्टर धावला, नर्स धावली, कुणीतरी ताईंना बाजूला लोटलं. भिंतीला टेकून त्या नुसतं "नको, नको" म्हणत राहिल्या, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सुया टोचल्या गेल्या, पुन्हा टोचल्या गेल्या. बऱ्याच वेळाने रेघ पुन्हा लयीत धावायला लागली, आणि दुपार कलली तेव्हा डॉक्टर घाम पुसत म्हणाला, "सावरली. धोका टळला."

ताई तिच्या उशाशी बसल्या, पण भीती काही हलेना. भिंगरीने डोळे उघडले.

"सांग ना. थडग्यात कोण होतं?"

थडग्यातल्या सांगाड्याच्या बरगड्या बोटाएवढ्याही जाड नव्हत्या. वय ताईंनीच काढलं होतं, आणि सकाळी गोष्टीत तेवढंच गाळलं होतं, कारण त्याने लढाईचा रंग गेला असता.

"कुणाचं तरी पोर होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढंच." आणि त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला, की भिंगरी दुखतंय म्हणून ओरडली.