तुलनेचे गाव

चंद्रभानच्या घोट्यातून बाहेर आलेला नारू डॉक्टर चिंतामण काडीवर हलक्या हाताने गुंडाळत होते. दोऱ्यासारखा तो किडा मध्येच तुटला, तर पाय पिकणार होता. पेरणी तोंडावर आली होती आणि चंद्रभानला खाटेवरून उठता येत नव्हते.

"हा येते तरी कुठून, सायेब?" त्याच्या बायकोने, दुर्गाबाईने विचारले.

"तुमच्या विहिरीतून. असे फुटलेले पाय घेऊन माणसं पायऱ्या उतरतात, पाण्यात उभी राहतात. तेच पाणी गाव पितं."

"मंग पायऱ्याच बुजवून टाकतो," चंद्रभान म्हणाला. "नाल्यात दगड पडेल हायेत. वरून रहाट लावू. गावातले गडी उद्याच येतीन."

चिंतामणांचा हात थांबला. अकोल्याकडच्या या नारूच्या चौकशीसाठी नागपूरहून प्रथमच सरकारी पैसा मंजूर झाला होता. शेजारच्या गावची विहीर त्यातून बंदिस्त झाली होती. या गावची मुद्दाम होती तशीच ठेवली होती. त्याशिवाय फरक दाखवता येणार नव्हता. फरक दिसला, की जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरींसाठी अनुदान मागता येईल, अशी चिंतामणांची खात्री होती.

"दोन पावसाळे थांबा," ते म्हणाले. "सरकारच बांधून देईल."

निदान फडक्याने पाणी गाळून प्या, हे त्यांच्या ओठांवर आले होते. पण त्यानेही तुलना बिघडली असती. ते काडीकडे पाहत राहिले.

"तुमी म्हन्ता त थांबतो," चंद्रभान म्हणाला. "आमच्या भल्याचंच सांगत असान."

दोन पावसाळे गेले. शेजारच्या गावातला नारू जवळजवळ नाहीसा झाला. चिंतामणांच्या अहवालाचे नागपुरात कौतुक झाले. विहिरींसाठी मात्र तरतूद नव्हती. अशीच चौकशी दुसऱ्या जिल्ह्यात करावी, त्यासाठी पैसा मिळेल, असे उत्तर आले.

त्याच दिवशी ते बैलांची दमणी जोडून गावात गेले. चंद्रभान ओट्यावर बसला होता. दुसऱ्या वर्षीचा नारू गुडघ्यात निघाला होता. पाय आता वाकत नव्हता. वावर दुसऱ्याला बटाईने कसायला दिले होते.

"पायऱ्या बुजवून टाका," चिंतामण म्हणाले.

"सरकार बांधून देनार होतं ना?"

"नाही देणार."

चंद्रभानने दोन्ही हातांनी पाय उचलून जरा बाजूला ठेवला.

"मंग त्या दिवशी आमाले काहून थांबोलं?"

"दोन गावांतला फरक पाहायचा होता," चिंतामण म्हणाले. बाजूला बसलेली दुर्गाबाई उठली आणि घराघरांतून माणसे बोलावत गेली. उन्हे कलायच्या आत नाल्यापासून विहिरीपर्यंत माणसांची रांग लागली. हातोहात दगड पुढे सरकू लागले. चिंतामणांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि एक दगड उचलला.

दुर्गाबाईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुमी सावलीत बसा, सायेब," ती म्हणाली. "तुमचं काम पाह्याचं."