कोमट बोळा

सुनेने पिल्लाला वाळूच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकून ती वाट बघत बसली. मांजराचं ते पिल्लू मुठीएवढं होतं, डोळे नुकतेच किलकिले होऊ लागले होते. वाळूत ते पोटावर पसरलं, एकदा डोकं उचललं आणि तिथेच झोपून गेलं.

"डोळे उघडायच्या आधीच वळण लावायला निघाली," पलंगावरून सासरे म्हणाले.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. उजवं अंग लुळं पडल्यापासून दुकान बंद होतं आणि खिडकीजवळचा पलंग हेच त्यांचं जग झालं होतं. जीभ मात्र टोमण्यांसकट शाबूत होती.

पिल्लू सापडलं ते शिलाई मशीनखालच्या चिंध्यांच्या गाठोड्यात. त्याची आई पुन्हा फिरकलीच नाही. सून दुकानातून पिल्लांचं दूध आणून ड्रॉपरने पाजत होती, पण कालपासून पिल्लाने शू केली नव्हती आणि पोट टम्म झालं होतं. पोटात आधीच जागा नाही, आणखी कुठे भर घालायची, अशा हिशेबाने तिने सकाळपासून दूध निम्म्यावर आणलं होतं.

घरात आणखी एकाचं असंच चाललं होतं, आणि ते तिला जास्त छळत होतं. नवरा सकाळी कामावर जाताना वडिलांना बाथरूमला नेऊन आणी, त्यानंतर थेट संध्याकाळी. मधल्या वेळात सुनेने धरून न्यायचं या कल्पनेनेच सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. म्हणून ते दिवसभर पाण्याला शिवत नसत. असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने विनवून पाहिलं, अबोला धरून पाहिला. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच असे. तिला धास्ती वाटे आणि रागही येई. इतक्या वर्षांनंतरही आपण यांना परक्याच, हे तिला खुपत होतं.

शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. एका हातात पिल्लू होतं, म्हणून स्पीकर सुरू केला. ट्रेचं ऐकून डॉक्टर आधी खळखळून हसले. मग म्हणाले, एवढ्याशा पिल्लाला आपली आपण शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आता आईचं काम तुम्ही करायचं. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून शेपटीखाली हलकेच फिरवायचा, दर वेळी दूध पाजलं की. ट्रे महिनाभराने.

"आणि दूध तोडू नका. शू होत नाही म्हणून पोटात काही जाऊच द्यायचं नाही, हा काय उपाय झाला? अशाने जीव जाईल त्याचा."

सुनेने पलंगाकडे पाहिलं नाही. घाईघाईने फोन बंद करून ती पाणी गरम करायला गेली.

बोळा फिरवायला घेतला तर पिल्लू किंचाळायलाच लागलं.

"रगडतेस काय? पातेलं आहे का ते?" सासरे म्हणाले. "आण इकडे."

तिने पलंगाच्या कडेला बसून पिल्लाला तळहातावर धरलं. सासऱ्यांनी डाव्या हाताने बोळा घेतला. ते अगदी हळू, न थांबता बोळा फिरवत राहिले. पिल्लाचं ओरडणं थांबलं. मग तिच्या तळहातावरून ऊन ऊन धार मनगटापर्यंत ओघळली, आणि बराच वेळ ओघळत राहिली. पोट मऊ पडलं.

सून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"किळस नाही वाटत तुला?" सासऱ्यांनी विचारलं. विचारताना ते पिल्लाकडेच बघत होते.

"किळस कसली, बाबा. मोकळं झालं बिचारं. मला तर कालपासून घास गोड लागत नव्हता."

तिने पिल्लाला पोटभर दूध पाजून, पुन्हा बोळा फिरवून खोक्यात निजवलं, हात धुतले आणि राहिलेलं काम उरकायला ती मशीनवर बसली. सुईखाली कापड सरकवलं तोच मागून आवाज आला.

"सूनबाई, पाणी दे जरा."

गोळीपुरतं मागत असतील म्हणून तिने अर्धा पेला आणला. तो त्यांनी संपवला आणि पुन्हा पुढे केला. या वेळी तिने काठोकाठ भरला. तेही पाणी ते सावकाश, मध्ये थांबत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

"मशीन सुरू असलं की तुला हाक ऐकू येत नाही," रिकाम्या पेल्याकडे बघत ते म्हणाले.

सुनेने मशीनचं बटण बंद केलं, टोपलीतले सदरे आणि सुई-दोरा घेतला आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"आज काजं-बटणंच करायची आहेत मला," ती म्हणाली.