लूमचा पट्टा आणि आखाजीचा वणवा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागाचा. मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. एका अंगाने मी जळून काळा पडलो आहे, माझे दोन कोपरे उडाले आहेत आणि मला रबराचा उग्र वास येतो, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मी वणव्याशी दोन हात केले आहेत. तुमच्यापैकी कोणी केले असतील, तर त्यानेच मला हसावं.

जाड कापडाचे थर एकावर एक ठेवून त्यांवर रबर चढवलं, की माझ्यासारखा पट्टा तयार होतो. सुरतेला लिंबायतमध्ये भाईदासशेठचं जुनं लूमखातं होतं. तिथे एकाच मोटरवर सहा लूम चालत आणि त्यांना फिरवणारा मी! मी थांबलो की सगळं खातं थांबायचं. थोडी ऐट होतीच मला, खोटं कशाला बोलू?

खात्याचा मिस्त्री बन्सीलाल. माझी निगा तोच राखायचा. त्याची बायको शोभाबाई तिथेच बॉबिनवर धागा भरायची. दोघंही मूळचे खानदेशातले.

एकदा दुपारी मोटरची ठिणगी लूमखालच्या धाग्याच्या कचऱ्यावर पडली. हा कचरा इतका हलका, की नुसत्या फुंकरीने उडतो. एका कामगाराने घाईघाईने त्यावर गोणपाट आपटलं. झालं! पेटते धागे उडाले आणि एकाच्या तीन ठिकाणी आगी लागल्या. शोभाबाई धावली. तिने ओलं गोणपाट आगीवर अलगद टाकलं, त्यावर अंगाचा भार दिला आणि ते स्वतःकडे ओढत नेलं. "आपटू नका रे, उडतं ते! दाबा, आणि दाबून ओढा," ती ओरडली. तिन्ही आगी विझल्या. मी हे वरून डोळे भरून पाहिलं. बन्सीलाल मात्र तेव्हा चहा प्यायला गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो, पुढे ती फार महागात पडणार होती.

पुढे मला भेगा पडल्या. शेठ म्हणाले, "फेंकी दे ने, बन्सीभाई! नवो पट्टो लावी दे." इतकी वर्षं राबलो त्याचं हे बक्षीस! बन्सीलालने मात्र मला गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि घरी आणलं. शोभाबाईने कपाळावर हात मारला. "एका खोलीत आपण पाच जणं, त्यात हा अजगर कुठे निजवू?"

त्याच आठवड्यात तिच्या भावाचं, उखाचं पत्र आलं. उखा सातपुड्याच्या पायथ्याच्या त्यांच्या गावी राहायचा आणि वनखात्यात रोजंदारीवर वणवे विझवायला जायचा. त्याने लिहिलं होतं, "दाजी, उन्हाळ्यात सागाला पान राहत नाही. आग झोडपायला हिरवी फांदी मिळत नाही आणि सुकी फांदी हातातच पेटते. तुम्ही मिस्त्री माणूस, काही डोकं चालवा."

बन्सीलालने डोकं चालवलं. त्याने माझे हात-हातभर लांबीचे सहा तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा बांबूच्या दांड्याला नट-बोल्टने पक्का केला. आम्ही सहा भावंडं झालो. रबर लवकर पेट घेत नाही, वजनदार असतं आणि जमिनीला सपाट बसतं. माणूस मोठा हुशार, यात शंका नाही.

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. तेव्हा लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी, १९९३ साली, शोभाबाईही बन्सीलालला आणि आम्हा सहा भावंडांना घेऊन निघाली. भुसावळ पॅसेंजरमध्ये आम्हाला पाहून लोक विचारायचे, "काय मिस्त्री, कोणाला झोडपायला निघालात?" बन्सीलाल मिशीतल्या मिशीत हसायचा.

माहेरी आनंदीआनंद होता. उखाची बायको वत्सला आठ दिवसांची बाळंतीण होती. घरात धनश्री नावाची एवढीशी पोर आली होती. त्यांचं गवती छपराचं घर डोंगराकडच्या टोकाला, अगदी पहिलं. घर आणि जंगल यांच्यामध्ये गावकऱ्यांनी गवत-पाचोळा काढून एक मोकळी पट्टी ठेवली होती. तिला जाळरेषा म्हणतात. डोंगरातली आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने थांबते.

आता ऐका. मोहाची फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची तिथे रीत होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्या बाबुरावने आपल्या मोहाखालचा पाचोळा पेटवला, आणि वारा फिरला. पाहता पाहता उतार पेटला आणि ज्वाळा गावाकडे उतरू लागल्या. बाबुराव तर रडायलाच लागला. पण त्याला कोणी बोललं नाही, कारण घरोघरी तेच चालायचं.

उखाने आम्हाला वाटलं. मी बन्सीलालच्या हातात आलो. सगळे जाळरेषेवर उभे राहिले. खरं तर तिथेच आग अडली असती. पण बन्सीलालला आपल्या करामतीचा अभिमान! त्याने मला डोक्यावरून उगारलं आणि सगळं बळ लावून आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा! मी ओरडत होतो, "अरे बाबा, आपटू नको!" पण पट्ट्याचं कोण ऐकतो? पेटता पाचोळा भर्रकन उडाला आणि जाळरेषेच्या अलीकडे, गावाच्या बाजूच्या वाळल्या गवतात पडला. गवताने पेट घेतला. पुढे वीस पावलांवर वत्सला आणि तिची आठ दिवसांची पोर!

बन्सीलाल तिकडे धावला आणि तिथेही मला उगारू लागला. तेवढ्यात पदर खोचून शोभाबाई आली. "काय करी राहिनात तुम्ही? द्या आठे!" म्हणत तिने मला हिसकावून घेतलं. मला दारातल्या पाण्याच्या मडक्यात बुडवून ओलं केलं, ज्वाळेच्या कडेवर सपाट टाकलं, दांड्यावर भार दिला आणि जळलेल्या बाजूकडे ओढलं. उचललं ते वीतभरच. पुन्हा टाकलं, दाबलं, ओढलं. माझी कातडी चरचरत होती, पण एकही ठिणगी उडाली नाही.

"अरे, लूमखालचा कचरा समजा!" ती ओरडली. "दाबा, आणि दाबून ओढा!"

गावातली चार पोरं आखाजीला सुरतेच्या लूमखात्यांतूनच आली होती. त्यांना एका शब्दात कळलं. उरलेल्यांनी त्यांचं पाहून हात बदलला. बन्सीलालही गोणपाट भिजवून बायकोच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. धुराने कोणाला काही दिसत नव्हतं, तरी शोभाबाई जागची हलली नाही. तिच्या हातांना फोड आले होते. घरापासून चार पावलांवर शेवटची ज्वाळा माझ्याखाली विझली. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मित्रांनो, लूमच्या खडखडाटात मी आयुष्य काढलं, पण इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता.

मग सगळ्यांनी जाळरेषेवरची आगही तशीच दाबली. दिवस मावळताना वारा पडला आणि डोंगर शांत झाला. बन्सीलाल सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी. हत्यार मी बनवलं, पण चालवायचं हिला ठाऊक." मला त्या घटकेला दोघांचाही फार अभिमान वाटला.

माझी पाच भावंडं उखाकडे राहिली. माझा दांडा तडकला होता, म्हणून "नवा बसवून पाठवतो" असं सांगून बन्सीलालने मला सुरतेला परत आणलं. आणि मग? उद्या बसवतो, परवा बसवतो! सहा वर्षं मी लिंबायतच्या त्या खोलीत पडून होतो. पावसाळ्यात गल्लीतलं पाणी आत येऊ नये म्हणून मला उंबऱ्याशी टाकायचे. उंदरांनी कोपरे खाल्ले. वणवा अडवणारा मी, आणि नशिबी गटाराचं पाणी!

यंदा फाल्गुनात उखा धनश्रीला घेऊन तिच्या आत्याकडे, शोभाबाईकडे आला. त्याने सांगितलं, की गावात आता मोहाखाली कोणी काडी लावत नाही, झाडूने पाचोळा लोटतात. माझी भावंडं त्याच्या ओसरीत खुंटीला टांगलेली असतात. पण पाच पट्टे पुरत नाहीत, जाळरेषेचं एक टोक उघडंच राहतं.

धनश्रीला मी कोपऱ्यात सापडलो. "आत्या, हे काय?" म्हणत तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर धाडकन आपटलं.

बन्सीलाल ताडकन उठला. तिच्यामागे बसून त्याने तिच्या चिमुकल्या हातांवर आपले हात ठेवले. "आपटू नको, बाळा. दाब. आता ओढ." शोभाबाईने डोळ्याला पदर लावला. त्याच दुपारी त्याने मला नवा दांडा बसवला.

आता मी त्या उघड्या टोकाकडे निघालो आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणीतरी कोपऱ्यात पडलं असेल. त्याचा दांडा आजच बसवा, धूर दिसायची वाट पाहू नका. मी सहा वर्षं वाट पाहिली आणि डोंगराने माझ्यावर दया केली, त्या उघड्या टोकाला वणवा उतरलाच नाही. तो दरवर्षी करीलच असं नाही.